कारीट

रविवारी दुपारी देवळाच्या मंडपात
पणजीहून आलेल्या ऋता केंकरेंनी
पडद्यावर एक समुद्र दाखवला,
त्यात तरंगणारं बरंच काही.
पंखा टकटक वाजत होता,
मागची पोरं मोबाइलात मान घालून.
मग त्या म्हणाल्या, आता शेवंतीबाई बोलतील.

मी पंचायतीच्या कचऱ्याच्या गाडीवर.
बोलायचं काय ते मला सुचेना.
गोणी आणली होती, ती उपडी केली.

तार.
गंजलेली, जळून काळी,
गुंतवळासारखी एकमेकीत अडकलेली,
सहा दिवाळ्यांची.

म्हटलं, हा घ्या तुमचा नरकासुर.
तुम्ही त्याला जाळता, घरी जाता,
उटणं लावता, पाच तऱ्हांचे फोव खाता,
आणि मी सहा वाजता तिठ्यावर येते
तेव्हा तो असतो तिथेच :
बरगड्या, मनगटं, दाढेचा आकडा.
थर्माकोल वितळून डांबरावर साय धरतो,
ती खुरप्यानं खरवडायची.
एकदा जयवंताच्या म्हशीच्या खुरात गेली ही तार.
एकदा माझ्या हातात.
कुठल्या, ते सांगत नाही,
दोन्ही दिसतायत तुम्हाला.

तन्वेश मांद्रेकर उठला.
मुखवटा त्याच्या हातचा असतो,
डोळे फिरतात, जीभ बाहेर येते
(खोटं कशाला बोलू,
मीही मध्यरात्री बघत उभी राहते).
म्हणाला, मावशे, बक्षीस उंचीला असतं.
गवताचा राक्षस बावीस फूट उभा राहील?

ऋताबाईंकडे उत्तर नव्हतं.
माझ्याकडेही नव्हतं.
कुणीतरी म्हणालं, मग नकाच करू यंदा.
सगळे हसलो.
नरकासुराशिवाय दिवाळी म्हणजे
माटोळीशिवाय चवथ.

मग बसलो तसेच, पडदा गुंडाळून.
सुकलेल्या झावळ्या, नुकत्या झोडलेल्या भाताचं गवत,
मेथीच्या खळीत भिजवलेला वर्तमानपत्रांचा लगदा.
त्यात कुणाचे फोटो होते, कुणी पाहिलं नाही.
न बोलावता आला सूर्या महाले, कोयती घेऊन.
म्हणाला, गाठ तारेची कशाला रे,
केवणीचा सोप काय मेला?
आणि भिजवलेल्या सालीची अशी गाठ मारली
की ती सोडवताना तन्वेशचं नख तुटलं.
त्यानंतर पोरांनी मोबाइल खिशात घातले.

चौदा फुटांवर थांबला आमचा राक्षस.
डाव्या खांद्यात कललेला,
उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्यासारखा.
बक्षीस वरच्या वाड्याला गेलं,
चोवीस फुटी, थर्माकोलचा, कर्ण्यांसकट.

पहाटे न्हाऊन मी तुळशीपुढे कारीट ठेवलं,
डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडलं,
बी जिभेला लावलं.
आईकडे नरकासुर एवढाच असायचा,
कुंपणावरच्या वेलीचा, फुकटचा.
पायाखाली फुटला की कळतं, मेला.
तोंड मात्र दुपारपर्यंत कडू.

तिठ्यावर राख होती, मऊ, पांढुरकी.
चंद्रावतीनं टोपली भरून नेलीसुद्धा
मिरच्यांच्या वाफ्याला.
झाडू फिरवला, तो कुठे अडला नाही.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मी पाठ न मोडता उभी राहिले
आणि काय करावं ते कळेना.

तेवढ्यात तन्वेश आला,
रात्रभराच्या डोळ्यांनी, काजळी माखलेला.
मुठीत एक वेटोळं.
मुकुट उभा राहीना मावशे,
शेवटी घातली थोडी.
निखाऱ्यातून शोधून काढली, घे.

हातभर असेल. अजून ऊन होती.
मी गोणीत टाकली,
काही बोलले नाही.
वरच्या वाड्याला जायचं होतं,
चोवीस फूट.
तो म्हणाला, थांब, येतो,
आणि गाडीमागे चालू लागला,
अनवाणी.
त्याला म्हटलं, आधी चपला घाल.