शटरचं बटण

गॅरेजचं भाडं आठवड्याला साडेतीनशे डॉलर,
वीज निराळी.
मालक भला माणूस होता, खोटं कशाला बोलू,
ख्रिसमसला हॅम आणून द्यायचा
आणि जानेवारीत भाडं वाढवायचा.

तिथे आम्ही पाच जण.
शटर वर केलं की सकाळ, खाली ओढलं की रात्र.
सियाले फरशीवरच्या तेलाच्या डागाभोवती
खडूने किनारा काढायची,
म्हणायची, हे वावाउ, आपलं बेट.
अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे शिकवावं लागलं नाही पोरांना;
कुस बदलायची तरी आधी एकमेकांना विचारायची.

मी रात्री विमानतळाच्या फरशा पुसायचे.
टानिएला पहाटे ट्रकवर.
आमची भेट बसथांब्यावर, चार मिनिटं,
त्यातच डब्याची अदलाबदल
आणि धाकट्या हेनेलीच्या खोकल्याची खबर.

मग त्याच्या मावसभावाचा फोन आला:
इन्व्हरकारगिल. देशाचं पार खालचं टोक.
मांसाच्या कारखान्यात जागा आहेत.
आणि घर?
तीन खोल्या, परस, धुराडं.
भाडं ऐकून मी म्हटलं, परत सांग.
त्याने परत सांगितलं. तेवढंच होतं.

चर्चमधल्या बायका गळ्यात पडून रडल्या.
रडता रडता काहींनी हिशेबही केला, पाहिलं मी.
फाने म्हणाली, तिकडे अळू धरत नाही गं.
मी म्हटलं, इथे तरी कुठे होती माती?
म्हटलं खरं,
पण चार कंद ओल्या फडक्यात गुंडाळून
पायाशी ठेवले.

सोळाशे किलोमीटर.
टपावरची गादी टाउपोपर्यंत फडफडत राहिली.
फेरीबोटीत सेमीसी तीनदा ओकला.
टानिएला डेकवर उत्तरेकडे पाठ करून उभा;
म्हणाला, आईबाप बेटावरून निघाले तेव्हा
म्हणत होते, ऑकलंड गाठलं की झालं.
मी काही बोलले नाही.
वाराही फार होता.

इथले रस्ते इतके रुंद
की ओलांडताना आपलं काही चुकतंय असं वाटतं.
उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड रेंगाळतो.
माणसं र घोळवून बोलतात,
तोंडात खडीसाखर असल्यासारखी.
शेजारच्या मिसेस मॅक्लीश चीजचे रोल घेऊन आल्या,
म्हणाल्या, किती दिवसांसाठी आलात?
वाईट हेतूने नाही विचारलं. बहुधा.
टानिएलाने सगळे रोल संपवले, म्हणाला, बघू.

पहिल्या रात्री पोरांना खोल्या वाटून दिल्या.
दारं लावली.
मला झोप लागेना, कोणाचाच श्वास ऐकू येईना.
बाराच्या सुमाराला सेमीसी उशी घेऊन आला,
मग सियाले, बोळातून गादी फरफटत.
सकाळी पाचही जण एका खोलीत,
आणि उरलेल्या दोन, गार,
कोणा बड्या पाहुण्यासाठी राखून ठेवल्यासारख्या.

जूनमध्ये दवाची काच झाली.
परसातलं अळू एका रात्रीत काळं पडलं.
एक कंद मी आत आणला होता,
गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, बादलीत.
तो जगलाय.
अंधारात एक फिकट पान काढलंय त्याने,
कान टवकारावा तसं.

काल धुण्यात, सियालेच्या जॅकेटच्या खिशात
हाताला लागलं
त्या गॅरेजच्या शटरचं बटण.
परत द्यायचं राहिलं, की दिलंच नाही,
ती सांगत नाही.

कपडे वाळत घालायच्या निमित्ताने अंगणात गेले,
उत्तरेकडे धरलं
आणि दाबलं.
बारीक लाल दिवा लागला. सेल शाबूत.

मग पुन्हा एकदा दाबलं,
न जाणो, उघडं राहायचं;
आत आता दुसरं कोणी निजत असेल.