अंक सतरावा, पान नऊ

पिना गंजल्यात.
मधल्या पानांवर चहाच्या कपाचे दोन तपकिरी चंद्र,
आणि त्यांच्याखालून जाणारा तळघराचा नकाशा
अजून शाबूत: दहा फुटांना एक चौकोन,
दारं आखूड रेघांची,
गुप्त दारापाशी विल्फचा वाकडा एस.

'कंदील आणि दोर'. किंमत पस्तीस पेन्स.
ग्रिम्सबी, मार्च त्र्याऐंशी.
संपादक विल्फ केटलबरो,
जो पहाटे चारपासून गोदीवर हॅडॉकच्या पेट्या मोजायचा
आणि संध्याकाळी, हात तीनदा धुऊन,
दलदलीतल्या राजांची वंशावळ लिहायचा.
अंकाला तरीही वास यायचाच.
वर्गणीदारांची तक्रार नव्हती.
एकानं तर कळवलं होतं,
तुमचे समुद्री चाचे फार खरे वाटतात.

टंकलेखन: ग्लेंडा स्टोरर.
म्हणजे मी.
मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.
वीस बाजूंचा फासा पहिल्यांदा पाहिला
तेव्हा वाटलं, कुणाचं तरी कानातलं पडलंय.
मी स्टेन्सिल कापायचे, पानाला बारा पेन्सनं,
विल्फच्या अक्षराला शिव्या घालत.

पान नऊ. खोली चौदा. लाल घोरपड.
जीव: आठ. म्हणजे दोन घावांत आटपणारी.
मी कापलं: ऐंशी.

शून्याला एकट्याला किंमत नसते म्हणतात.
ते उजवीकडे येऊन बसलं की बघा.

एप्रिलभर पत्रं येत राहिली.
डंडीत पाच मेले.
स्वॉनसीत सहा, आणि एक खेचर.
लेस्टरच्या एका मुलानं लिहिलं
की त्याच्या जादूगारानं शेवटचा मंत्र
पळून जायला नाही, दार धरून ठेवायला वापरला,
आणि दाराबाहेर पोचलंच नाही कुणी.
सोबत परतीचं पाकीट, तिकीट लावून.
त्याला फक्त विचारायचं होतं:
आमचं काय चुकलं?

ध चा मा कुणी मुद्दाम करतं.
माझं बोट घसरलं होतं.
खाली गॅसचं मीटर बघायला माणूस आला होता,
मी हो हो, आले म्हटलं, तेवढ्यात.

विल्फ रागावला नाही. खो खो हसला,
आणि अठराव्या अंकात चौकट टाकली:
'खोली चौदा. ऐंशीच्या जागी आठ वाचावे.
मेलेल्यांनी कृपया उठावे.'

बहुतेक उठले.
स्ट्रॉमनेसहून मात्र मोराग लिनक्लेटर हिचं पत्र आलं,
शाळेच्या वहीचं पान:
'चूकदुरुस्ती मिळाली, आभार.
पण ब्रदर ऑस्विनला आम्ही पुरलंय, आगपेटीत,
कोंबड्यांच्या खुराड्यामागे.
माझा धाकटा भाऊ दोन दिवस जेवला नाही.
आता उठवायचं म्हटलं
तर ते दोन दिवस कुठे ठेवू?'

विल्फनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मनात.
मग एकही शब्द न जोडता छापलं.

बाविसाव्या अंकानंतर बंद पडलं सगळं.
बोटी कमी झाल्या, कागद महागला,
विल्फला पाठीनं दगा दिला,
मी नगरपालिकेत लागले, तिथे
शून्यांवर दोघादोघांच्या सह्या असत.

काल त्याची भाची खोकं देऊन गेली.
त्यात हा अंक, त्याचा स्वतःचा.
पान नऊ. ऐंशी तसेच आहेत, खोडलेले नाहीत.
पण चारी समासांत, पेन्सिलीनं,
पेट्या मोजणाऱ्या माणसाच्या बारीक अक्षरात
नावं.
डंडीची पाच. लेस्टरचा तो, दाराशी.
ब्रदर ऑस्विनखाली एक रेघ.
एक्केचाळीस मोजले मी,
आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, जागा संपता संपता:
'खेचर. नाव कळवलेलं नाही.'

उजेड आहे अजून थोडा.
मी पेन्सिलीला टोक काढतेय.