दोन रुपयाला पान

निकाल लागले की माझ्या मशीनला ताप चढतो.
त्र्यंबक नाक्याच्या या हातभर काउंटरवर
पोरं बायोडेटा पालथा ठेवतात,
जणू मी वाचणारच नाही.
मी वाचते.
नऊ वर्षं वाचतेय.

छंद : वाचन, प्रवास.
प्रवास म्हणजे घोटी ते नाशिक, रोज, पासावर, उभ्यानं.

‘कुठे देताय?’ विचारलं की खांदे उडतात.
‘बघू ताई. ऑनलाइन टाकलंय सगळीकडे.’
सगळीकडे म्हणजे कुठेच नाही, हे मला माहीत आहे,
म्हणून मी सुटते, गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना :

सातपूरला जा, पण सोमवारी नको.
सोमवारी गेटवरचा माणूस स्वतःच्याच नोकरीला विटलेला असतो.
अंबडच्या गल्ल्या पायी फिरायच्या.
जिथे चहावाला एका खेपेला दोन किटल्या नेतो
तिथे ऑर्डर आली आहे, समज.
त्यालाच विचार. कोणाची खुर्ची रिकामी झाली
हे साहेबाच्या आधी त्याला कळतं,
एक कप कमी होतो ना.

बी.कॉम. असशील तर शरणपूर रोडचे जिने चढ.
सीए लोक पगार देताना डोळे मिटतात,
पण सप्टेंबर आला की त्यांना माणूस लागतोच,
आणि मार्चपर्यंत तू माणूस होतोस.
दिंडोरीकडे वायनरीच्या लॅबा आहेत,
द्राक्षं उतरायच्या आत अर्ज पोचायला हवा.
सिन्नरची बस सकाळी सहाला. साडेपाचला उठणारा असशील तरच नाव काढ.
अप्रेंटिस या शब्दाला लाजू नकोस.
आणि ‘दहा हजार भरा, जॉइनिंग पक्कं’ म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून
चहा अर्धा असला तरी उठायचं.

एवढं बोलून मी सुट्टे मागते.

मागच्या गुरुवारी चारुशीला गांगुर्डे.
सुरगाण्याची. बी.एस्सी., मायक्रो, फर्स्ट क्लास.
सगळे रकाने भरलेले, आणि अनुभवापुढे एक रेघ,
पट्टीनं मारलेली.
‘ही रेघ नीट उमटेल ना?’
उमटली. पंधरा प्रती, पंधरा रेघा,
गरम गरम बाहेर आल्या.

मी विचारलं, कॉलेज सोडून काय करायचीस?
काही नाही, म्हणाली. आई अंगणवाडीत.
आईचा हात मोडला तेव्हापासून
सुट्टीत घरी गेले की वजनं मीच घ्यायची पोरांची,
रजिस्टर मीच लिहायची.
किती पोरं? एक्केचाळीस.
किती वर्षं? तीन. पण ते अनुभव नाही ना ताई,
ते घरचं.

मी मशीन बंद केलं.
मागे दोघं जण घड्याळ बघत होते, बघू दे.
कॉम्प्युटरवर रेघ पुसली आणि तिथे लिहिलं :
एक्केचाळीस मुलांची वजनं व नोंदी, तीन वर्षं, खाडाखोड नाही.
ती वाचत राहिली,
जसं दुसऱ्याच कुणाचं पत्र हातात आलंय.

मी भूगोलाची बी.ए.
दहा प्रती काढायला याच काउंटरवर आले होते.
खैरनारकाका जेवायला गेलेले, कागद अडकलेला,
मी तो ओढून काढला, पुढच्याचं आधारकार्ड लावलं,
त्याच्या पुढच्याचं सातबारा.
काका परतले तेव्हा गल्ल्यात चौसष्ट रुपये होते.
त्या दहा प्रती ड्रॉवरमध्ये आहेत अजून.
पाठीमागे हिशेब लिहिते, सहा उरल्यात.

काल चारुशीला परत आली.
मी चेहऱ्याकडे बघितलं नाही, हाताकडे बघितलं.
हात रिकामा.
‘आणखी पाच द्या,’ म्हणाली. ‘नवीन वाल्या.’
दिल्या. दहा रुपये मोजून घेतले,
यात सूट नाही, सवय बिघडते.

पायरी उतरून ती वळली.
‘सोमवारी नको ना?’

मंगळवारी, म्हटलं. अकराच्या आत.