आठ थाऊ

शार्दूल, चार इंच उचलून आणलीस तू गाडी.
बरी दिसते.
वागळे इस्टेटच्या आमच्या गल्लीत
चहावाला पोरगा किटली धरून बघत राहिला,
एवढी बरी दिसते.

पण मी खाली सरकले, पाठीखाली पुठ्ठा,
तोंडात टॉर्च.
गिअरबॉक्स गेला होता वर,
मागचा एक्सल जमिनीपाशीच,
आणि दोघांच्या मध्ये प्रोपेलर शाफ्ट
तिरका, ताणलेला,
स्प्लाइन अवघी बोटाच्या पेराएवढी आत.
एक खोल खड्डा, की सुटलाच असता हात.

पंचावन्नला थरथरते, म्हणालास.
आरशात मागच्या एका ट्रकचे दोन होतात.
"म्हणून मी साठच्या पुढेच ठेवतो."
घोडबंदर रोडवर!
मी काही बोलले नाही, क्रॉस काढून हातावर दिला.
टोपीतल्या सुयांची झाली होती
मिसरीसारखी भुकटी.

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा
डावा पाय आखूड झाला.
कळव्याच्या चांभाराने चपलेला पाऊण इंच टाच चढवली,
बाबा सरळ चालायला लागले.
महिन्याभरात कंबर धरली.
चांभाराची चूक नव्हती,
त्याच्यापुढे चपलाच ठेवली होती फक्त.

तर, पाट्यांखाली पाचर दिली, अडीच अंशाची.
पिनियनने मान थोडी वर केली.
केणीच्या लेथवर शाफ्टची नळी पावणेदोन इंच वाढवली,
दोन्ही टोकांना खडूची रेघ, रेघेसमोर रेघ.
कारण सांधा वाकून फिरला की
अर्ध्या फेऱ्यात दोनदा चुकतो, एकदा पुढे, एकदा मागे.
ती चूक पलीकडच्या सांध्याने
तेवढ्याच कोनात उलटी चुकून फेडायची असते.
दोघेही बरोबर नसतात.
मधली नळी थरथरत नाही, एवढंच.

मोठ्या टायरांनी इंजिन दमत होतं
म्हणून क्राउन-पिनियनही बदलला.
दातांना पिवळा लेप लावून हाताने फिरवला.
ठसा पडला दाताच्या टाचेकडे.
उघडलं. शिम घातली. फिरवलं.
आता पार मुळाशी.
उघडलं. पातळ शिम. केणी शटर ओढून घरी गेला.
मी डबा उघडला, भेंडी होती,
हाताला गिअर ऑईलचा वास, भेंडीलाही.
चौथ्यांदा ठसा मधोमध बसला
आणि डायलची सुई म्हणाली, आठ थाऊ.

तू विचारलंस, आठ तरी कशाला?
शून्य खेळ ठेव ना, पैसे देतोय मी.
बाबा टर्नर होते. ते म्हणायचे,
खेळ नसेल तर दात दाताला खातो.
तेलाला आत शिरायला जागा लागते, बाबा.
(हा बाबा म्हणजे तू.)

आता ऐक. पाठ नको करू, लिहून घे.
दर पाच हजारला ग्रीस,
चारी टोप्यांतून नवं बाहेर येईपर्यंत दाबायचं,
जुनं पुसायचं, तसंच ठेवलं की धूळ धरतं.
ब्रीदरची नळी मी वर घेतलीय,
तरी कोलशेतकडच्या चिखलात घालून आलास
तर डिफरन्शियलचा बोल्ट सैल कर, तेल बघ.
दुधाच्या चहासारखं असेल तर मला फोन.
कोऱ्यासारखं असेल तर नको.

गायमुखपर्यंत जाऊन आलो आपण.
पंचावन्नला मी गिअरच्या दांडीवर दोन बोटं ठेवली.
आरशात ट्रक एकच होता, दूधगाडी,
तिच्यावरचं नावही वाचता येत होतं.
तू काही बोलला नाहीस,
फक्त उगाच पंचावन्नलाच चालवत राहिलास.

पाचशे किलोमीटर झाले की परत आण.
नवे आवळलेले बोल्ट जागा धरताना सैल होतात,
त्यात घाबरण्यासारखं नाही.
आणि येताना टपावरचं कॅरिअर काढून ये,
माझ्या शटरला तेवढी उंची नाही.