सत्तावीस नंबरची ओळ

घारपुरेकाकांचा फोन सकाळी सातला:
“अगं रेवा, टेबल पार सरकून राहिलंय.
मोबाइलवर उंची दिसते तर गोत्र दिसत नाही,
गोत्र दिसतं तर मुलगीच पडद्याबाहेर.
मेळावा रविवारी आहे, रामबागेत. काहीतरी कर.”

लोकमान्यनगर, दुसरा मजला. खाली शेवेचं दुकान,
लवंगेचा ठसका जिन्यानं वर येतो
आणि कीबोर्डच्या फटींत बसतो.
मी वधूवरांची यादी उघडते:
बासष्ट ओळी, नऊ रकाने.

दोष लगेच सापडतो. मापं कुणी दिलीच नव्हती,
तेव्हा ज्याचं म्हणणं लांब, त्याला जागा जास्त.
शेवटचा रकाना, ‘अपेक्षा’, हातपाय पसरून बसलेला:
उंच, गोरी, नोकरी करणारी पण घर बघणारी,
पुणे किंवा परदेश, चष्मा नको, बारीक असल्यास चालेल.
आणि डावीकडे नावं अंग चोरून,
वर मुलगी, तिच्याखाली बाप, बापाखाली आडनाव.

मी मापं ठरवते. उंचीला सहा टक्के.
गोत्राला आठ, त्याहून त्याला लागत नाही.
दुहेरी रेघांची एक रेघ करते,
एकाआड एक ओळ फिकट राखाडी,
अक्षरांभोवती आठ पिक्सेल मोकळी हवा.
मथळा वर खिळवून ठेवते,
म्हणजे साठाव्या माणसापर्यंत पोचल्यावरही
आपण त्याचं काय मोजतोय हे विसरू नये.

सगळं बसलं. सत्तावीस सोडून.

‘विवाह’ हा रकाना मी अरुंद ठेवला होता,
कारण तिथे सगळ्यांचं ‘प्रथम’,
प्रथम, प्रथम, प्रथम, निकालाच्या यादीसारखं,
एखाददुसरा विधुर, तोही मावलेला.
सत्ताविसाव्या ओळीत ‘घटस्फोटित’.
शब्द रेघ ओलांडून शेजारच्या चौकटीत शिरला होता
आणि तिथे तिची अपेक्षा होती, दोनच शब्दांची.
एकावर एक चढून दोन्ही वाचता येईनात.

ब्राउझरला म्हटलं, मावत नसेल तर तोड.
त्यानं तोडला. त्याला कुठे संधी-समास माहीत:
घट
स्फोटि
त
तळाशी एकटा त.

काकांना फोटो पाठवला.
“नुसतं ‘घ.’ लिही ना. लोक समजून घेतात.”
लिहून पाहिलं. पुसलं.
उरलेला शब्द तीन टिंबांखाली झाकताही येतो,
एका ओळीचं काम. कंपन्यांच्या हिशेबात मी ते रोज करते.

रात्र तशीच गेली. उजाडताना कचरागाडी आली
गाणं वाजवत. तिलाही कप्पे:
ओला, सुका, काच, अजून कसकसले.
समोरच्यांची मोडकी छत्री कुठल्याच कप्प्यात जाईना,
कापड की लोखंड, यावर थोडा वाद झाला,
मग गाडीवाल्या भियानं ती आरशाला अडकवली
आणि गेला.

टक्क्यांची बेरीज शंभरच राहते.
एकाला द्यायचं तर दुसऱ्याचं काढावं लागतं.
मी अपेक्षांमधून पाच काढले
आणि विवाहाला दिले.

“अगं, आगाश्यांच्या मुलाच्या चार ओळी होत्या,
त्याच्या सात झाल्या. ते नाराज होतील.”
“होऊ द्या काका. ज्याला वाचायचंय तो बोट खाली सरकवेल.”
काका थांबले. मागे कुकरची शिट्टी झाली.
“बरं,” म्हणाले, “पण रंग जरा मंगल ठेव.”

मोबाइल उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला.
सुनयना तारे, पाच फूट तीन,
एम. एस्सी. रसायन, गोत्र माहीत नाही,
घटस्फोटित, एका ओळीत, रेघेच्या आत.
आणि पुढच्या चौकटीत, बरीच जागा रिकामी ठेवून,
बोलका असावा.