काचपट्टी

वेदांग हैदराबादला गेला.
डिपॉझिटमधून पंख्याचे, नळाचे पैसे वळते झाले,
मागच्या अंगणातल्या भट्टीचं बोलणं तेवढं राहून गेलं.
साध्या लाल विटा, सिमेंटचा माल,
आणि एकतीस डिसेंबरला, पहिल्याच दिवशी, भडभडा जाळ.
घुमट डोक्यापासून तोंडापर्यंत तडकला,
कमानीच्या दोन विटा खाली आल्या,
पाहुण्यांनी पिझ्झा बाहेरून मागवला.

मग तिच्यात मांजर व्यायली.
गल्लीत ज्यानं पाहिलं त्यानं सांगितलं, पाडा.
पाडायचे आठशे, राडारोडा न्यायचे वेगळे.
पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत म्हणून थांबले
आणि थांबल्यावर बघायची सवय लागली.

अठ्ठावीस वर्षं मी बांधकाम खात्यात पुलांच्या भेगा मोजल्या.
भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवायची, तारीख घालायची,
महिन्यानं परत जायचं.
काच शाबूत, तर भेग जुनी, झोपलेली.
काच फुटली, तर पूल हलतोय.
तसं पत्र वर पाठवायचं.
वर ते वाचत की नाही, माहीत नाही.

जनता वसाहतीतून मल्लेश आला, थापी-ओळंबा घेऊन.
आत डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही.
मग म्हणाला, "बाई, सिमिट आगीला भितं.
वीट भीत नाय. ती एकदा जाऊन आलीया."

घुमट उतरवला. भोसरीच्या बंद फौंड्रीतून
पिवळट अग्निविटा आणल्या,
काहींवर अजून लोखंडाचे काळे थेंब.
तीन पाट्या रेती, एक अग्निमाती, एक चुना.
ओल्या वाळूचा ढीग थापून गोल केला,
वर भिजवलेले पेपर,
त्यावर विटा, फेर धरून आत झुकत गेलेल्या.
शेवटची वीट मल्लेशनं तीनदा घासली,
चौथ्यांदा ठोकून बसवली.
आठवड्यानं तोंडातून वाळू उपसली आणि तो वर चढून उभा राहिला.
"बासष्ट किलो," म्हणाला, स्वतःबद्दल.

मी बॅटरी घेऊन आत डोकावले.
छतभर पेपरची उलटी अक्षरं उमटलेली:
भाड्याने देणे आहे. नावात बदल. वधू पाहिजे.
मान वाकडी करून सगळी वाचली.

मग सात दिवस लहान जाळ.
पहिल्या दिवशी नारळाची शेंडी, चार काटक्या,
विटांना घाम फुटला.
दुसऱ्या दिवशी करवंट्या.
आगाशे कुंपणावरून, "आज कसला होम?"
तिसऱ्या दिवशी त्यांनीच भाजायला वांगं पाठवलं.
घाई न करणं एवढंच काम होतं,
आणि सरकारी नोकरीत मी दुसरं शिकले काय!

चौथ्या दिवशी तोंडाशी केसाएवढी भेग दिसली.
भाचीच्या मायक्रोस्कोपची एक काच
प्लास्टरच्या दोन टिकल्यांवर आडवी बसवली.
पाचव्या रात्री,
टक्.

सवयीनं वही काढली. तारीख, वेळ, रुंदी.
खाली "मा. वरिष्ठांच्या माहितीसाठी" एवढं लिहून
पेन थांबलं.
इथं वर कोणी नव्हतं.
तळजाईवर एक मोर ओरडला, तेवढाच.

मल्लेश फोनवर जेवता जेवता बोलला:
"तापल्यावर उघडंल, निवल्यावर मिटंल. ऱ्हाऊ द्या."

रविवारी पहिला पिझ्झा. बेस डेअरीतला, तयार,
एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं कच्चा.
मल्लेशच्या शिवानीनं वरचं चीज तेवढं खाल्लं
आणि विचारलं, "परत कधी पेटवणार?"
मांजर ऊबदार घुमटावर चढून बसली,
जणू घर तिचंच होतं, आम्ही फक्त डागडुजीची माणसं.

रात्री दुसरी पट्टी चिकटवायची नाही असं ठरवलं.
म्हणजे चिकटवली.
तारीख घातली नाही.