सिंगल बेल

वेंगुर्ला डेपोत सतरा वर्षं मी दोरी ओढतेय.
एक टोल म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे.
दिवसातून तीनशे वेळा तरी ठरवते
कोण उतरलं, कोण राहिलं, कधी निघायचं.
आणि पहाटे सागरेश्वरच्या वाळूवर
स्वतःला मात्र नुसती डबलच द्यायची.

सोमवारी पाच किलोमीटर. मंगळवारी पाच.
बुधवारी पाच आणि वर थोडी लाज,
कारण मंगळवारपेक्षा अर्धं मिनिट जास्त लागलं.
गुरुवारी नडगीत खिळा.
तो घेऊनच रेडीच्या फेरीला उभी राहिले.
आरवलीच्या वळणावर दांडा धरला,
तोंडातून आवाज निघाला असावा,
कारण अर्ध्या तिकिटाच्या एका म्हाताऱ्याने
उठून मला जागा दिली.
सतरा वर्षांत पहिल्यांदा मी गाडीत बसले.
खिडकीतून टांकची खाडी केवढी हळू जाते.

त्या रविवारी रापण लागली होती.
लंगडत बघायला गेले.
दोन दोर, पंचवीस-तीस माणसं,
तोंड समुद्राकडे, पाठ सुरूच्या झाडांकडे,
टाचा रुतवत, उलटी चालत.
जो वर सुरूपाशी पोचेल तो दोर सोडायचा
आणि रिकाम्या हातांनी चालत पाण्याकडे यायचा,
कमरेवर हात, कुणी विडी पेटवत,
पुन्हा पुढचं टोक धरायला.
त्या रिकाम्या चालीला
तिथे कोणी आळस म्हणत नव्हतं.

बुधाजी केळुसकर असाच खाली येता येता म्हणाला,
"काय गो कंडक्टरनी, रोज धावतस ती कोणाक गाठूक?"
कोणालाच नाही, म्हटलं.
"मगे इतकी घाय कित्याक?"
आणि उत्तराला न थांबता दोर धरला.
जाळं जवळ आलं तशी तीच माणसं
आरडत, पळत, घोट्याएवढ्या पाण्यात,
चार मिनिटं, फार तर पाच.
मग सगळी उभी. बांगडे तेवढे उडत होते.

आता जुन्या वेबिलच्या पाठीवर आठवडा लिहिते
आणि खोडते, कारण ओहोटी
रोज पाऊण तास उशिरा येते
आणि तिची तक्रार कुठल्याच कंट्रोलरकडे होत नाही.
ओली घट्ट वाळू मिळाली की
या होडीपासून त्या होडीपर्यंत जीव खाऊन,
मग पुढच्या दोन होड्या चालत.
भरती असेल तर भुसभुशीत वाळू, मग चालणंच,
चपला हातात.
मातोंडच्या मुक्कामाला असले की पहाटे कातळावर फिरते.
ड्रायव्हर ल्युदरिक गाडी पुसता पुसता विचारतो,
आज धावणं नाही?
त्यालाच विचारते, चढावाला तू काय करतोस?
दुसरा टाकतो, म्हणतो, नाहीतर इंजिन बोंबलतं.

रविवारी लांब, आणि इतकं सावकाश
की धावताना थांबे मोठ्याने म्हणता यावेत:
मोचेमाड, टांक, आरवली,
आणि शिरोड्याला आवाज शाबूत.
आवाज फाटला तर तो माझा रविवार नाही.

हे सगळं जमतं असं नाही.
परवा एक पर्यटक पोरगा, मनगटावर चमकतं घड्याळ,
शेजारून गेला सुळकन,
आणि मी गेले त्याच्यामागे, एक्कावन्न वर्षांची,
मोचेमाडच्या तोंडापर्यंत.
दोन दिवस जिना उतरताना आठवण राहिली त्याची.

पण हल्ली बोट आपोआप वर जातं.
वर आभाळ, दोरी नाही, तरी ओढते.
टण्.
चालायला लागते.
कुर्ल्या बिळात जातात, बाहेर येतात,
माझी पावलं भरेपर्यंत लाट वाट बघते.
छातीत कोणीतरी सामान घेऊन धापा टाकत येतंय,
एक पाय पायरीवर, एक अजून रस्त्यात.
थांब जरा.
श्वास चढतोय.
दुसरा टोल त्यानंतर.